उंबरठ्यावरची पणती

श्रोतेहो, दिवाळी तोंडावर आली की घराघरांत एक प्रश्न नेमाने विचारला जातो. विचारणारा बहुधा सात-आठ वर्षांचा असतो आणि उत्तरे देणारी सगळी मोठी माणसे असतात. म्हणूनच की काय, उत्तरांचा गोंधळ उडतो. इंदूरच्या एका मराठी घरातला प्रसंग सांगतो. मुलाने विचारले, "दिवाळीला दिवे का लावतात?" शेजारच्या माळवी काकींनी सांगितले, रामचंद्र वनवासातून अयोध्येला परत आले म्हणून. मडगावहून पाहुण्या आलेल्या मामी म्हणाल्या, छे, कृष्णाने नरकासुराला मारले म्हणून. आमच्याकडे पहाटे त्याला जाळल्यावाचून दिवाळी उजाडतच नाही. कोपऱ्यात वाती वळीत बसलेली आजी म्हणाली, "अरे, बळीराजा येतो ना या दिवसांत! त्याला अंधारात वाट कशी दिसायची?" मुलगा तिघींच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि मग त्याने खरा अवघड प्रश्न विचारला : "यातलं खरं कोणतं?"

हा प्रश्न पोरकट म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. महाराष्ट्राच्या सीमेवर आणि सीमेपलीकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींना तर तो अधिकच जवळचा आहे. बडोद्याला शेजारी त्या सुमारास वह्यापूजन करून नव्या वर्षाची तयारी करीत असतो. आपले वर्ष मात्र चैत्रातल्या गुढीबरोबर सुरू झालेले असते. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या पंचांगात तो महिना कार्तिक असतो आणि आपल्या पंचांगात आश्विन वद्य; रात्र मात्र एकच. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो व आपल्याकडे अमावास्येला, एवढाच काय तो फरक. असे अनेक फरक पाहून माणूस दोहोंपैकी एक करतो. एक तर आपलीच कथा खरी असे म्हणतो, नाहीतर "सगळे एकच" असे म्हणून विषय संपवतो. दोन्ही उत्तरे आळसाची आहेत. जुने ग्रंथ काय सांगतात ते आधी पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट ही की, दिवाळी हा एक सण नाही. वसुबारस, धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, बलिप्रतिपदा आणि भाऊबीज अशी ही सहा दिवसांची माळ आहे. प्रत्येक मण्याची कथा निराळी, देवता निराळी आणि नैवेद्यही निराळा. वसुबारसेला सवत्स धेनू, त्रयोदशीला यम, चतुर्दशीला कृष्ण, अमावास्येला लक्ष्मी, प्रतिपदेला बळी आणि द्वितीयेला पुन्हा यम. हे मणी वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या प्रांतांत घडले व पुढे एका सूत्रात ओवले गेले. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी आपल्या लेखांत या माळेचा धागा मोठ्या चिकाटीने शोधला आहे. गोड्यांचा दिवाळीवरील लेख १९४५ सालचा. या दोघा पंडितांच्या श्रमांमुळे आज आपल्याला या सणाची वंशावळ बरीच मागे नेता येते.

वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरिकांच्या उत्सवांची यादी आहे. तीत 'यक्षरात्रि' असे एक नाव येते. टीकाकार सांगतो, ही रात्र द्यूत खेळण्याची. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने देशी शब्दांचा कोश केला, त्यात ही यक्षांची रात्र म्हणजेच दिवाळी असा अर्थ दिला आहे. यक्षांचा राजा कुबेर. तेव्हा आजच्या लक्ष्मीपूजनात लक्ष्मीच्या जोडीला कुबेराला जागा मिळते, ती उपऱ्याची नाही, जुन्या घरमालकाची आहे. काश्मीरच्या नीलमतपुराणात याच अमावास्येला 'सुखसुप्तिका' म्हटले आहे. सुखाने झोपण्याची रात्र! पावसाळा सरला, पीक हाती आले, धान्य घरात येऊ लागले. शेतकऱ्याला सुखाची झोप लागावी असाच तो काळ खरा.

सातव्या शतकात कनोजच्या सम्राट हर्षाच्या नावावर असलेले 'नागानंद' नावाचे नाटक आहे. त्यात 'दीपप्रतिपदुत्सव' येतो, आणि तो कशाच्या संदर्भात येतो हे ऐकून आपल्या घरातल्या सासूबाईंना हसू येईल. या उत्सवाला लेकीला आणि नव्या जावयाला काय द्यावे, याचा विचार करायला राजा मुलाला बोलावणे पाठवतो! म्हणजे आपला दिवाळसण आणि जावयाची ओवाळणी ही तेराशे वर्षांपूर्वीही राजवाड्यातली काळजीची बाब होती. पुढे शके ८८१ मध्ये, म्हणजे इसवी सन ९५९ मध्ये, सोमदेवसूरी या जैन आचार्याने 'यशस्तिलक' हे चंपूकाव्य रचले. वेमुलवाडच्या चालुक्य सामंतांचा त्याला आश्रय होता. हैदराबादच्या श्रोत्यांना वेमुलवाड परके नाही. ते तेलंगणात आहे. सोमदेवाच्या दीपोत्सवात चुन्याने पांढरीशुभ्र केलेली घरे आहेत, दिव्यांच्या ओळी आहेत आणि जुगारात रंगलेली माणसेही आहेत. हजार वर्षांत आपण चुन्याऐवजी रंग आणला. बाकी फारसे काही बदललेले दिसत नाही.

आता एक लक्षात घ्या. या उल्लेखांपैकी कितीतरी ठिकाणी दिवा आहे, उत्सव आहे, पण दिवा का लावायचा याची कथाच नाही. यावरून असे दिसते की, दिवा आधी आला आणि कथा त्याच्या उजेडात मागाहून येऊन बसल्या. प्रत्येक पंथाने, प्रत्येक प्रांताने त्या दिव्याजवळ आपली कथा सांगितली. तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, दिवा सर्वांचा आहे. परंतु एवढ्यावर थांबणे बरोबर होणार नाही. या दिव्याभोवती जमलेल्या कथा एकमेकींच्या कोण लागतात, हे पाहण्याजोगे आहे.

सर्वांत आधी रामकथा घेऊ, कारण आज ती सर्वांत परिचित आहे. राम अयोध्येला परतले, नगरी आनंदाने शृंगारली गेली, हे वाल्मीकींनी सांगितले आहे. पण ती रात्र आश्विनी अमावास्येची होती असे वाल्मीकी कोठेही म्हणत नाहीत. चौदा वर्षे पूर्ण होताच राम भरद्वाजांच्या आश्रमात पोहोचले ती तिथी रामायणात स्पष्ट दिली आहे : पंचमी. तेव्हा रामाचे आगमन आणि दिवाळी यांचा संबंध श्रद्धेने जोडलेला आहे, तिथीने नव्हे. म्हणून तो खोटा ठरतो काय? मला तसे वाटत नाही. ज्या दिवशी घरोघर दिवे लागतात, त्या दिवशी चौदा वर्षे वाट पाहिलेला माणूस घरी आला अशी भावना लोकांना व्हावी, हे लोकमनाच्या रीतीला धरूनच आहे.

हीच रामकथा आपल्या पुण्यात दिवाळीच्या निमित्ताने कशी आली, याची एक रंजक हकीकत पेशव्यांच्या बखरीत आहे. महादजी शिंदे १७९२ साली उत्तरेहून पुण्याला आले. सवाई माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे. महादजींनी त्यांच्यापाशी कोट्याच्या दिवाळीचे वर्णन केले. तेथे लाखो दिवे लागतात, आणि कोट्याचा राजा शोभेच्या दारूची लंका करवून ती जाळतो. तीत रावण असतो, राक्षस असतात, वानर असतात, आणि शेपटीला आग लावलेला मारुती ती लंका पेटवीत जातो. ऐन तारुण्यातल्या पेशव्यांना ते पाहण्याची इच्छा झाली, तेव्हा पर्वतीच्या पायथ्याशी अंधाऱ्या रात्री तशीच दारूची लंका करून दाखवण्यात आली, असे बखर सांगते. बखर म्हणजे दप्तर नव्हे. तिच्यात थोडे मीठमसाल्याचे असायचेच. तथापि राजस्थानातला एक देखावा ग्वाल्हेरच्या सरदाराच्या तोंडून ऐकून पुण्याच्या दरबाराने आपलासा करावा, ही गोष्टच बोलकी आहे. सण पालखीतून जातात, छावण्यांतून जातात आणि माहेरी येणाऱ्या लेकींच्या बोचक्यांतूनही जातात.

आता मडगावच्या मामींचा नरकासुर. तो प्राग्ज्योतिषाचा, म्हणजे आजच्या आसामकडचा राजा, पृथ्वीचा पुत्र. त्याने अदितीची कुंडले हिरावली आणि सोळा हजारांवर स्त्रिया बंदीत टाकल्या. कृष्ण सत्यभामेला घेऊन गरुडावरून गेला व त्याने नरकाला मारले. गोव्यात या विजयाचा सोहळा चतुर्दशीच्या पहाटे होतो. गवताचे, कागदाचे भले थोरले नरकासुर रात्रभर मिरवतात आणि उजाडण्यापूर्वी जळतात. मग अभ्यंगस्नान, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने चिरडलेले कडू कारीट आणि त्यानंतर नव्या भाताचे पोहे. ताकातले, गुळातले, नारळाच्या रसातले. गोमंतकीय घरात पोह्यांवाचून चतुर्दशी होत नाही. तिकडे हीच धाकटी दिवाळी; मोठी दिवाळी म्हणजे तुळशीचे लग्न.

पण इतिहासाने या कथेत एक चमत्कारिक गाठ मारून ठेवली आहे. ज्याला आपण पहाटे जाळतो त्याला आपला मूळपुरुष मानणारे राजे या देशात होऊन गेले. कामरूपचा भास्करवर्मा हा सातव्या शतकातला राजा. त्याच्या निधनपूर ताम्रपटात वंशाची सुरुवातच नरकापासून केलेली आहे : नरक, त्याचा पुत्र भगदत्त, मग वज्रदत्त, आणि पुढे वर्मा राजे. हा भास्करवर्मा कोण? तर नुकताच ज्यांचा उल्लेख केला त्या हर्षांचा मित्र. म्हणजे एका मित्राच्या नाटकात दीपप्रतिपदेची देणी-घेणी चालली होती आणि दुसरा मित्र नरकाचे नाव पूर्वज म्हणून अभिमानाने कोरून घेत होता. त्या दोघांच्या मैत्रीत यामुळे काही बिघडल्याचे दिसत नाही. आपण मात्र एकाच वाड्यात, तुमची कथा की आमची, म्हणून भांडतो.

या कथेतला एक भाग पुष्कळदा सांगायचा राहून जातो. नरक मेला, बंदीखाना उघडला. पण त्या सोळा हजार स्त्रियांचे पुढे काय? परक्याच्या बंदीत राहिलेल्या स्त्रीला घराचा दरवाजा उघडतोच असे नाही. त्या काळी नाही आणि दुर्दैवाने पुढेही नाही. कृष्णाने त्यांना सन्मानाने द्वारकेला पाठवले आणि आपल्या घरात जागा दिली. असुराला मारणे हा पराक्रम खराच. परंतु सुटून आलेल्यांना उंबरठ्याच्या आत घेणे हा त्याहून अवघड पराक्रम आहे. चतुर्दशीचा दिवा लावताना हा दुसरा पराक्रमही आठवावा, असे मला वाटते.

आता आजीचा बळीराजा. हा आपल्या मराठी दिवाळीचा खरा पाहुणा. वामनाने तीन पावले भूमी मागितली, दोन पावलांत सर्व व्यापले आणि तिसरे बळीच्या मस्तकावर ठेवले, ही कथा लहानपणापासून आपल्याला पाठ आहे. ती किती जुनी आहे म्हणाल, तर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला पतंजली आपल्या महाभाष्यात कंसवधाबरोबर बलिबंधाचे प्रयोग लोकांपुढे होत असल्याचा दाखला देतो. म्हणजे बळीच्या बंधनाची कथा दोन हजार वर्षांपूर्वीच जुनी झाली होती.

पण बळीचे दिवाळीशी नाते काय? याचे फार मोलाचे उत्तर एका परदेशी पंडिताने लिहून ठेवले आहे. गझनीच्या महंमुदाच्या काळात हिंदुस्थानात येऊन संस्कृत शिकलेला अल्बेरुणी इसवी सन १०३० च्या सुमारास दिवाळीचे वर्णन करतो. लोक स्नान करतात, सणाचे कपडे घालतात, एकमेकांना विड्याची पाने देतात, देवळात जाऊन दानधर्म करतात आणि रात्री जागोजाग दिवे लावतात. कारण विचारले तेव्हा त्याला सांगण्यात आले की, विरोचनाचा पुत्र बळी सातव्या पाताळात बंदीत आहे. वासुदेवाची पत्नी लक्ष्मी वर्षातून या एका दिवशी त्याला मोकळा करते आणि पृथ्वीवर येऊ देते. म्हणून या दिवसाला 'बलिराज्य' म्हणतात. कृतयुगातला तो सुखाचा काळ होता आणि हा दिवस त्या काळासारखा आहे म्हणून लोक आनंदी असतात, असेही तो नमूद करतो.

श्रोतेहो, हे ऐकताना मला आजीचे बोल आठवतात. "इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो" असे म्हणत पाडव्याला घरातल्या पुरुषांना ओवाळणाऱ्या आपल्या आया-बायांनी अल्बेरुणीचे नाव कधी ऐकलेले नसते. परंतु हजार वर्षांपूर्वी त्याने टिपून घेतलेला 'बलिराज्य' हा शब्द त्यांच्या तोंडी अजून जिवंत आहे. भविष्योत्तरपुराणात बळीची आणि त्याची राणी विंध्यावली हिची पाच रंगांनी आकृती काढून पूजा करावी असे सांगितले आहे. आपल्या खेड्यापाड्यांतून शेणाचा किंवा तांदळाचा बळी मांडतात तो त्याचाच भाऊबंद. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, तेव्हा याच बळीला त्यांनी शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून पुढे आणले आणि वामनाकडे आक्रमक म्हणून पाहिले. त्यांचे सर्व प्रतिपादन कोणी मान्य करो वा न करो. शेतकऱ्याला आपण आजही बळीराजा म्हणतो, यात एका जुन्या प्रेमाची साक्ष आहे. केरळात हाच राजा ओणमच्या वेळी, दिवाळीच्या काही आठवडे आधी, प्रजेला भेटायला येतो. गुजरातेत बळीच्या प्रतिपदेला विक्रम संवताचे नवे वर्ष सुरू होते. आपल्याकडेही बहुतेक पंचांगांत साडेतीन मुहूर्तांपैकी अर्धा मुहूर्त तिचाच.

येथे एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहत नाही. देवाने ज्याला पाताळात घातले, त्याचे राज्य परत यावे अशी इच्छा देवाच्याच भक्तांनी करावी, हे जगातल्या सणांत क्वचितच आढळेल. जिंकणाऱ्याला हार घालणे सोपे आहे. हरलेल्यासाठी पाट मांडून ठेवणे आणि वर्षाकाठी त्याची वाट पाहणे, याला फार मोठे मन लागते.

आता या सर्व कथा एका ओळीत मांडून पाहा. राम वनवासातून परततो. स्त्रिया नरकाच्या बंदीतून सुटतात. बळी पाताळातून येतो. लक्ष्मी बळीच्याच बंदीत होती व वामनाने तिला सोडवली, असेही एक कथन लक्ष्मीपूजनाच्या निमित्ताने सांगतात. त्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवतात. एरवी दक्षिणेकडे दिव्याचे तोंड करीत नाहीत. अमावास्येला चुडी पेटवून दाखवतात, त्या महालयासाठी आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून. आणि भाऊबीजेला यम यमुनेच्या घरी जेवायला येतो, तेव्हा आनंदाच्या भरात नरकातल्या जीवांनाही त्या दिवसापुरते मोकळे करतो, असे कथा सांगते. बहीण भावाला ओवाळते त्याच ताटातल्या निरांजनाचा उजेड त्या अभागी जीवांपर्यंत पोहोचतो, अशी ही कल्पना आहे. कोणीतरी सुटते, कोणीतरी घरी येते, आणि त्याच्यासाठी दिवा लावलेला असतो : या कथांचे परस्परांशी नाते हे आहे.

हे नाते केवळ पुराणांतच आहे असे नाही. जैन बांधवांची दिवाळी वर्धमान महावीरांच्या निर्वाणाची. पावा येथे याच अमावास्येला ते मुक्त झाले. ज्ञानाचा प्रकाश गेला, तेव्हा निदान दिव्यांचा प्रकाश करू, असे म्हणून मल्ल आणि लिच्छवी कुळांतल्या अठरा राजांनी दिवे लावल्याचे कल्पसूत्र सांगते. शके ७०५ मध्ये, म्हणजे इसवी सन ७८३ मध्ये, जिनसेनाने हरिवंशपुराणात या दिवसाला 'दीपालिका' म्हटले आहे. येथे दिवा कोणाच्या पराभवाचा नाही. गेलेल्याच्या आठवणीचा आहे आणि त्याच्या मुक्तीचाही.

ग्वाल्हेरच्या श्रोत्यांनी तर मान वर करून किल्ल्याकडे पाहिले की पुरे. शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगीर बादशहाने या किल्ल्यात कैदेत ठेवले होते. सुटकेचा हुकूम आला तेव्हा, बरोबरच्या बंदिवान राजांना सोडल्याशिवाय मी एकटा बाहेर पडणार नाही, असे गुरूंनी सांगितले. तुमच्या अंगरख्याला धरून जितके येतील तितके सुटतील, असे उत्तर आले. गुरूंनी बावन्न टोकांचा अंगरखा शिवून घेतला, आणि एकेक टोक धरून बावन्न राजे बाहेर आले, अशी शीख परंपरा आहे. गुरू अमृतसरला परतले तेव्हा दिवे लागले, म्हणून शीख बांधव दिवाळीला 'बंदीछोड दिवस' म्हणतात. ज्या किल्ल्यावर पुढे शिंद्यांचे निशाण फडकले, त्याच किल्ल्यावर आज 'दाता बंदीछोड' गुरुद्वारा उभा आहे. दोन वस्त्यांच्या दोन दिवाळ्या, आणि मधे एकच टेकडी.

आपल्या आठवणीतल्या काळातही अशा दिवाळ्या येऊन गेल्या. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून बाहेर पडले. त्या वर्षीची दिवाळी अवघ्या काही आठवड्यांवर होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि मुक्त गोव्याची पहिली दिवाळी १९६२ साली उजाडली. पण त्या उजेडात एक पणती अजून वाट पाहत होती. मूळचे सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून गेलेले मोहन रानडे १९५५ मध्ये सशस्त्र लढ्यात जखमी होऊन पकडले गेले होते. गोवा सुटला, रानडे मात्र पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. १९६२ पासून १९६८ पर्यंत मुक्त गोव्याने सात दिवाळ्या साजऱ्या केल्या, सात वेळा नरकासुर जाळले, आणि ज्याने त्यासाठी आपले तारुण्य दिले तो माणूस लिस्बनजवळच्या किल्ल्यात बंदीतच होता. १९६९ च्या जानेवारीत त्यांची सुटका झाली. बळी पाताळात अडकला असताना लोक दिवे कसे लावीत असतील, हे समजण्यासाठी पुराणच उघडले पाहिजे असे नाही.

या विवेचनात एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. सर्वच कथा या एका सूत्रात ओवण्याचा अट्टाहास करू नये. यक्षरात्रीच्या जुगाऱ्यांना कोणाच्या सुटकेची चिंता नव्हती. वसुबारसेची गाय, गोवर्धनाचा अन्नकूट, केरसुणीला लक्ष्मी मानून केलेली पूजा, माळव्यातली रूपचौदस, मध्यरात्री सूप वाजवून बाहेर घालवलेली अलक्ष्मी. या गोष्टींची मुळे शेतात, गोठ्यात आणि घराच्या झाडलोटीत आहेत. बेळगावची मुले अंगणात मातीचे किल्ले बांधतात आणि वर शिवाजी महाराजांना बसवतात. त्याला कोणत्याही पुराणाचा आधार नाही, आणि त्याची गरजही नाही. सण जिवंत असतो म्हणूनच त्याला नव्या फांद्या फुटतात.

ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये या सणाला आणखी आत नेले. चौथ्या अध्यायात ते भगवंताच्या तोंडून सांगतात की, अविवेकाची काजळी पुसून विवेकाचा दिवा उजळला म्हणजे योग्यांना निरंतर दिवाळीच असते. हे वाक्य कोठे येते ते पाहण्यासारखे आहे. सज्जनांच्या रक्षणासाठी देव पुन्हा पुन्हा जगात येतो, हे जेथे सांगितले तेथेच. म्हणजे तेथेही कोणीतरी येणार आहे, आणि त्याच्या येण्याने काजळी पुसली जाणार आहे.

तेव्हा त्या इंदूरच्या मुलाला काय सांगायचे? काकींचा राम खरा, मामींचा कृष्ण खरा आणि आजीचा बळीही खरा, एवढेच सांगून तो गप्प बसणार नाही. त्याला असे सांगावे की, दिवा यांतल्या कोणत्याही कथेहून जुना आहे. आणि ज्याला जो माणूस परत यावासा वाटला, त्याने त्या दिव्यापाशी त्याची गोष्ट सांगितली. काकींना राम यावासा वाटला, आजीला बळी. शेजाऱ्याच्या दारातला दिवा पाहून, हा कोणाची वाट पाहतो आहे, एवढे विचारण्याची सवय त्या मुलाला लागली, तरी या सगळ्या पोथ्या चाळल्याचे सार्थक होईल.

त्या घरात पुढे काय झाले तेही सांगतो. सगळ्या पणत्या लावून झाल्या. ओटीवर, कोनाड्यांत, तुळशीपाशी उजेड झाला. मुलाच्या हाती एक पणती उरली. "ही कुठे ठेवू?" त्याने विचारले. आजी म्हणाली, "उंबरठ्याबाहेर ठेव. आत आपल्याला दिसतंच आहे."